घरचा ओटीजी: बिघाड, तापमान आणि देखभाल यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीआधी नानकटाईसाठी आणि डिसेंबरात केकसाठी ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे रॉडवर तापणारा विजेचा छोटा ओव्हन) माळ्यावरून खाली येतो, आणि मग तक्रारी सुरू होतात. त्यातल्या बऱ्याच तक्रारी ओव्हनच्या नसतातच. दोष भिंतीतल्या सॉकेटचा असतो, व्होल्टेजचा असतो, नाहीतर नॉबवरच्या आकड्यावर डोळे मिटून ठेवलेल्या विश्वासाचा. खालची उत्तरं मुख्यतः ओटीजीसाठी आहेत. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हचे मोजके प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत.

केक वरून काळा पडतो आणि मधे सुरी घातली की ओलं पीठ चिकटून येतं. ओव्हन दुरुस्तीला द्यायचा का?

आधी मोडचा नॉब बघा. बहुतेक ओटीजीवर वरचा रॉड, खालचा रॉड आणि दोन्ही रॉड अशा खुणा असतात. वरच्या रॉडची खूण म्हणजे ग्रिल. त्यावर केक ठेवला तर तो वरून करपणारच, त्यात ओव्हनचा काही दोष नाही. गोव्याच्या बेबिंकेला नेमकी हीच वरची आच लागते, कारण तिचा एकेक थर ओतून वरून भाजत न्यायचा असतो. केकला मात्र खालचा रॉड किंवा दोन्ही रॉड हवेत.

ओव्हन १० ते १६ लिटरचा असेल तर फुगलेला केक वरच्या रॉडपासून जेमतेम दोन बोटांवर येतो. अशा ओव्हनमध्ये दोन्ही रॉड लावूच नका. खालचा रॉड, जाळी सर्वांत खालच्या किंवा त्यावरच्या खाचेत, आणि शेवटची पाच मिनिटं रंगासाठी वरचा रॉड, एवढं पुरतं. टिनच्या चारी बाजूंना निदान दोन बोटं जागा मोकळी राहायला हवी. ओव्हनच्या मापाचाच चौकोनी टिन आत ढकलला की गरम हवा फिरायला वाट राहत नाही. खालची उष्णता खालीच अडकते आणि वरची वर.

हे सगळं ठीक असूनही करपत असेल तर पुढचा प्रश्न वाचा. नव्वद टक्के वेळा उत्तर तिथे सापडतं, असं म्हणायचा मोह होतो; आकडा सोडून द्या, पण तिथेच सापडतं.

नॉब १८० वर आहे म्हणजे आत १८० अंश आहे, असं धरायचं ना?

नाही. नॉबवरचे आकडे छापलेले असतात, मोजलेले नसतात. नॉबच्या मागे साधा थर्मोस्टॅट असतो. स्वस्त ओव्हनमध्ये तो दोन धातूंच्या जोडपट्टीचा असतो. पट्टी तापली की वाकते आणि वीज तोडते, निवली की सरळ होऊन पुन्हा जोडते. बऱ्याचदा हा थर्मोस्टॅट नॉबलगत, ओव्हनच्या बाजूच्या कप्प्यात बसवलेला असतो. म्हणजे त्याला केकभोवतालची हवा कळतच नाही, बाजूचा पत्रा किती तापला तेवढंच कळतं. शिवाय जोडणं आणि तोडणं यांत अंतर असतं, त्यामुळे आतलं तापमान १८० वर स्थिर न राहता वरखाली होत राहतं. वीस-तीस अंशांचा फरक ही घरगुती ओव्हनमध्ये नेहमीची गोष्ट आहे.

उपाय एकच, ओव्हन थर्मामीटर. जाळीवर ठेवायचा किंवा टांगायचा गोल तबकडीचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. नवे साचे, सिलिकॉनचे ब्रश, सजावटीचे नोझल हे सगळं नंतर घ्या, आधी हा घ्या. तो मधल्या जाळीवर ठेवा, नॉब १५० वर करा आणि २० मिनिटांनी काचेतून आकडा वाचा. दार उघडून वाचलात तर मोजणी वाया गेली. मग १८०, मग २००. रॉड चालू-बंद व्हायची दोन-तीन आवर्तनं होऊ द्या, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा लिहून त्यांचा मध्य काढा. समजा नॉब १८० वर असताना मध्य २०५ आला, तर आत खरं १८० हवं असेल तेव्हा नॉब साधारण १५५ वर ठेवा. हा तक्ता ओव्हनच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवून टाका.

फरक ५० अंशांच्या पुढे असेल, किंवा रॉड एकदा लागला की बंदच होत नसेल, तर थर्मोस्टॅट गेला आहे. तो बदलून मिळतो. रॉड बंदच होत नाही अशा ओव्हनमध्ये तोवर काहीही भाजू नका.

रॉड मध्येच विझतो. बिघडला का?

नाही, वर सांगितलेला थर्मोस्टॅट आपलं काम करतो आहे. आणि रॉड लाल दिसला नाही म्हणजे तापला नाही असंही नाही. हात लावून खात्री करू नका, एवढंच.

एका बाजूची बिस्किटं तपकिरी, दुसऱ्या बाजूची पांढरी. असं का?

बेकरीची भट्टी विटांची असते. एकदा तापली की उष्णता धरून ठेवते आणि सगळीकडून सारखी देते. म्हणूनच दिवाळीत नानकटाईचे ट्रे बेकरीत नेऊन भाजून आणायची पद्धत आपल्याकडे टिकून होती. ओटीजी म्हणजे पातळ पत्र्याची पेटी. दारापाशी ती थंड, मागच्या कोपऱ्यात गरम.

आपल्या ओव्हनचा गरम कोपरा शोधायला साध्या ब्रेडच्या चकत्या पुरतात. जाळीभर चकत्या पसरा, १८० वर दहा-बारा मिनिटं ठेवा, आणि कुठल्या आधी रंगल्या ते बघा. त्यानंतर बिस्किटं दोन-तृतीयांश भाजली की ट्रे पुढचा मागे करायचा. केकला हे लवकर करू नका, मधला भाग बसेपर्यंत दार उघडलं तर तो खाली बसतो. फॅनचा मोड असेल तर फरक बराच कमी होतो. फॅन लावल्यावर पाककृतीतलं तापमान साधारण २० अंशांनी कमी ठेवा.

पुण्यात नीट चालणारा ओव्हन गावी नेला तर तापायलाच तयार नाही. प्रवासात काही तुटलं का?

बहुधा नाही. गावचं व्होल्टेज तपासा. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे व्होल्टेज थोडं उतरलं तरी उष्णता बरीच उतरते. २३० व्होल्टला २००० वॅट देणारा ओव्हन २०० व्होल्टला साधारण १५०० वॅट देतो, आणि १८० व्होल्टला जेमतेम १२२५. संध्याकाळी शेतीपंप आणि घरोघरचे दिवे एकदम लागले की हे होतंच. दुपारी भाजा, प्रीहीटला दुप्पट वेळ द्या आणि थर्मामीटरचा आकडा आल्याशिवाय ट्रे आत ठेवू नका. साध्या ओटीजीला स्टॅबिलायझर घेण्यात अर्थ नाही. एवढ्या वॅटचा घ्यायचा तर तो मोठा आणि महाग पडतो, आणि ओटीजीत नाजूक सर्किट फारसं नसतंच.

मोबाइल चार्जरच्या बोर्डावर लावला तर चालेल का?

मागच्या पट्टीवरचे वॅट वाचा आणि २३० ने भागा. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, २००० वॅट म्हणजे पावणेनऊच्या आसपास. आपल्याकडचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा आणि मोठ्या भोकांचा पॉवर सॉकेट १६ अँपिअरचा. सुमारे १३०० वॅटच्या वरचा कुठलाही ओव्हन पॉवर सॉकेटवरच लावायचा. जाड पिनेला बारीक करणारा कन्व्हर्टर किंवा टीव्हीमागची एक्स्टेंशन ओव्हनसाठी वापरू नका. तास-तासभर सलग चालणाऱ्या यंत्राला ती टिकत नाहीत. आधी प्लास्टिक मऊ होतं, मग माशासारखा वास येतो, मग पिन काळी पडते.

भाजून झाल्यावर प्लग काढून त्याच्या पिनेजवळ बोट नेऊन बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर सॉकेट सैल झाला आहे. वायरमनला बोलवून सॉकेटच बदला. नुसता प्लग बदलून भागत नाही, कारण जळलेला सॉकेट नव्या पिनाही जाळतो.

ओव्हन आणि इंडक्शन एकत्र लावले की खटका पडतो.

२००० अधिक २००० वॅट म्हणजे १७ अँपिअरच्या वर. स्वयंपाकघराच्या लाइनवर १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त वीज ओढली की पडणारा खटका) असेल तर तो पडू शकतो. एका वेळी एकच वापरा. मोठा एमसीबी बसवून घेणं हा उपाय नव्हे, भिंतीतली वायर तीच राहते.

पावसाळ्यात ओव्हन लावला की घरभरची वीज जाते. उन्हाळ्यात असं होत नव्हतं.

मुंबई-कोकणातला हा ठरलेला प्रश्न आहे, जुलैपासून गणपतीपर्यंतचा. इथे एमसीबी पडत नाही, आरसीसीबी पडतो. तोच, ज्यावर छोटं टेस्टचं बटण असतं. घरांमध्ये तो बहुधा ३० मिलीअँपिअरचा असतो. तेवढी वीज वाट चुकून जमिनीकडे गळाली की तो सगळं तोडतो.

ही गळती रॉडमधून होते. रॉड म्हणजे धातूची नळी. तिच्या आत नायक्रोमची तार, आणि तार नळीला टेकू नये म्हणून मधे मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली. ही पूड हवेतली ओल शोषते. ओव्हन महिनोन्‌महिने वापरला नाही की नळीच्या टोकांमधून दमटपणा आत शिरतो, आणि मग तारेतली वीज ओल्या पुडीतून पत्र्यावर आणि तिथून अर्थिंगला जाते. आरसीसीबीने बरोबर तेच पकडलेलं असतं.

प्लग काढा. ओव्हन आतून-बाहेरून कोरडा पुसा आणि दार उघडं ठेवून एक-दोन दिवस कोरड्या खोलीत, पंख्याखाली ठेवा. एसी असेल तर एसीच्या खोलीत. नंतर सर्वांत कमी तापमानावर लावून बघा. टिकला तर अर्धा तास कमी आचेवर रिकामा चालवा, उरलेली ओल उडून जाते. पुन्हा पडला तर रॉड किंवा वायरिंग तपासायला द्या. शेजारच्या आरसीसीबी नसलेल्या घरात लावून बघणं, किंवा प्लगची अर्थची मोठी पिन काढून टाकणं, हे दोन प्रकार मी ऐकलेले आहेत. दोन्ही जिवावर बेतणारे आहेत. पिन काढली की गळणारी वीज थांबत नाही. ती ओव्हनच्या अंगावर थांबते, तुमचा हात लागायची वाट बघत.

याला खरा तोडगा म्हणजे पावसाळ्यात दोन आठवड्यांतून एकदा पंधरा-वीस मिनिटं ओव्हन तापवणं. पापड भाजा, मऊ पडलेला चिवडा कुरकुरीत करा, काहीही करा.

ओव्हनला हात लावला की झिणझिण्या येतात.

भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा, आणि अर्थिंग तपासून होईपर्यंत वापरू नका. चप्पल घालून वापरणं हे उत्तर नाही. जुन्या इमारतींत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते; वायरमनकडून तेच आधी बघून घ्या.

ओव्हन अजिबात लागत नाही.

टायमर फिरवला का? बऱ्याच ओटीजीत टायमर शून्यावर असेल तर बाकी काहीही फिरवलं तरी वीज पुढे जात नाही. पाच मिनिटं लावायची असतील तर नॉब आधी दहाच्या पुढे न्या आणि मग मागे पाचवर आणा, स्प्रिंग तेव्हाच नीट बसते. मोडचा नॉब ‘बंद’वर नाही ना? त्याच सॉकेटवर मिक्सर किंवा इस्त्री चालते का? हे तिन्ही ठीक असेल तर आतला थर्मल फ्यूज उडालेला असू शकतो. ओव्हन भिंतीला चिकटवून ठेवल्याने किंवा थर्मोस्टॅट अडकल्याने फार तापला की तो एकदाच उडतो, पुन्हा जुळत नाही, बदलावा लागतो. आणि का उडाला हे शोधल्याशिवाय बदललात तर नवाही उडेल.

मेकॅनिक म्हणतो, ‘फ्यूज कशाला, डायरेक्ट करून देतो.’

नको म्हणा. ‘डायरेक्ट’ केलेला, म्हणजे फ्यूज टाळून वायर सरळ जोडलेला ओव्हन चालतो छान, आणि थर्मोस्टॅट अडकला त्या दिवशी तो थांबवणारं कुणीच उरत नाही. हेच थर्मोस्टॅट ‘डायरेक्ट’ करण्यालाही लागू. सुटा भाग मिळत नसेल तर दुसरा मेकॅनिक बघा, तोही नाही म्हणाला तर ओव्हन भंगारात द्या.

खालचे दोन्ही रॉड एकदम कसे गेले?

दोन्ही गेलेच असतील असं नाही. काही ओटीजीत दोन रॉड एकामागोमाग जोडलेले असतात, एक तुटला की दुसऱ्याचीही वीज थांबते. मल्टिमीटर वापरणारं कुणी घरात असेल तर प्लग काढून, ओव्हन पूर्ण निवल्यावर, रॉडची दोन्ही टोकं सुटी करून तपासता येतं. २३० व्होल्टच्या ८०० वॅट रॉडचा रोध ६५ ओहमच्या जवळपास येतो. काहीच आकडा आला नाही तर आतली तार तुटली. नवा रॉड आणताना लांबीबरोबर त्यावर छापलेले व्होल्ट आणि वॅटही जुळवा. जोडीतले रॉड अनेकदा ११०-११५ व्होल्टचे असतात. त्यांच्या जागी एक २३० चा बसवला की पुढे महिनाभर ‘नवीन रॉड टाकूनही तापत नाही’ हे रडगाणं.

नव्या ओव्हनमधून धूर आणि जळका वास येतो. परत करू का?

रॉडवर कारखान्यातला तेलाचा संरक्षक थर असतो, तो जळतो आहे. खिडकी उघडून, रिकामा ओव्हन पूर्ण तापमानावर १५ मिनिटं चालवा. दुसऱ्या-तिसऱ्या वापरानंतरही धूर येत असेल तर आतला पुठ्ठा किंवा प्लास्टिकची पट्टी काढायची राहिली का ते बघा.

दाराच्या फटीतून वाफ येते.

ओटीजीच्या दाराला बहुधा रबर नसतंच. थोडी वाफ येणारच. दार खाली लोंबत असेल, वरच्या बाजूला बोट जाईल एवढी फट असेल, तर बिजागरीची स्प्रिंग सैल झाली आहे. गरम काचेवर ओलं फडकं मात्र कधीही ठेवू नका, आणि उघड्या दारावर जड ट्रे टेकवू नका.

आतली चिकट काळी पुटं कशी काढायची?

प्लग काढून, ओव्हन पूर्ण थंड झाल्यावर. खायचा सोडा आणि थोडं पाणी यांची दाटसर पेस्ट पत्र्यावर आणि काचेवर लावा, रॉड वगळून. रात्रभर ठेवा, सकाळी ओल्या, पण निथळत्या नव्हे, फडक्याने पुसा. उरलेल्या पांढुरक्या डागांवर फडक्याने थोडं व्हिनेगर. धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक असलेली जहाल द्रव्यं नकोत. ती ॲल्युमिनियमचा मुलामा खातात आणि ॲल्युमिनियमचे टिनही काळे पाडतात. तारेची घासणी जाळ्यांपुरतीच. काचेवर तिचे ओरखडे उठले की कडक केलेली काच कमजोर होते, आणि एखाद्या दिवशी कारण न दिसता तिचा चुरा होतो.

रॉडवर काही सांडलं असेल तर तो थंड असताना कोरड्या फडक्याने पुसा आणि बाकीचं पुढच्या वेळी जळू द्या. ओव्हनमध्ये पाणी ओतून धुणाऱ्यांना मी काय सांगू!

खरं तर सगळ्यात दुर्लक्षित भाग खालचा चुऱ्याचा ट्रे. तो दर वापरानंतर झटकला तर वरची मेहनत वर्षातून एक-दोनदाच करावी लागते. पनीर टिक्का किंवा चिकन भाजल्यावर तर त्याच दिवशी. त्यातलं तेल पुढच्या केकला मसाल्याचा वास देतं आणि पेटूही शकतं.

चुऱ्याच्या ट्रेवर फॉइल पसरलं तर साफसफाई वाचेल ना?

वाचेल, पण खालच्या रॉडची उष्णता परतून वर फेकली जाते, तळ करपतो, आणि फॉइल रॉडला टेकलं तर दोन्हींचं नुकसान. सांडणारा पदार्थ असेल तर टिनखाली जाळीवर मोठा ट्रे ठेवा.

ओव्हनमध्ये झुरळं झाली आहेत.

ऊब, अंधार आणि केकचा चुरा, त्यांना आणखी काय हवं? आत फवारणी अजिबात नको; पुढच्या वेळी तेच औषध तापून अन्नावर बसेल, आणि फवारे पेट घेणारे असतात. प्लग काढा, आत-बाहेर स्वच्छ करा, झुरळांचं जेल ओव्हनच्या बाहेर, ओट्याच्या फटीत लावा. मागच्या जाळीतून बाजूच्या कप्प्यात शिरलेली झुरळं वायरच्या जोडांवर मरतात आणि शॉर्ट करतात. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हच्या बटणांचं पॅनेल यामुळेच अनेकदा वेडंवाकडं वागतं. गावाकडे उंदीर वायर कुरतडतात, म्हणून माळ्यावरून काढलेल्या ओव्हनची वायर लावण्याआधी पूर्ण लांबीभर बघून घ्या.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात.

मायक्रोवेव्हच्या मोडवर जाळी, स्टीलची वाटी किंवा सोनेरी काठाची बशी आत राहिली का? नसेल तर आतल्या बाजूच्या भिंतीवरचा अभ्रकाचा चौकोनी तुकडा बघा. त्यावर तूप-आमटीचे शिंतोडे जळून काळे झाले की तिथेच ठिणगी पडते. तो ओल्या फडक्याने पुसा. जळून भोक पडलं असेल तर बदलून घ्या, हा स्वस्तातला भाग आहे.

दिवा लागतो, थाळी फिरते, पण अन्न गरम होत नाही. घरी उघडून बघू का?

नाही. ओटीजी आणि मायक्रोवेव्ह यांतला हा मोठा फरक. मायक्रोवेव्हच्या आतल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. एक कप पाणी दोन मिनिटं ठेवून बघा. ते तापलंच नाही तर थेट सर्व्हिस सेंटर.

तासभर ओव्हन लावला तर बिल किती वाढतं?

१५०० वॅटचा ओव्हन सलग तासभर चालला तर दीड युनिट. थर्मोस्टॅट मधे मधे तोडत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. एकदा तापवला की केकमागोमाग बिस्किटं भाजून घ्या.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर चालेल?

घरातला नेहमीचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांचा असतो. ओव्हन लावताच तो ओव्हरलोड होऊन बंद पडेल. अर्धवट केक आतच राहू द्या, दार उघडू नका. पाच-दहा मिनिटांत वीज आली तर बहुधा वाचतो.

अमेरिकेतल्या बहिणीने तिथला छोटा ओव्हन पाठवला आहे. प्लग बदलून लावू?

तिथला टेबलावरचा ओव्हन १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर तो साडेतीन पटींहून जास्त वीज ओढेल आणि काही क्षणांतच जळेल. त्याच्या वॅटना पुरेल असा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, जो चांगलाच जड आणि महाग असतो. त्यावर चालवलात तर नॉबवरचे आकडे फॅरनहाइट आहेत हे लक्षात ठेवा: ३५० म्हणजे आपले साधारण १८०, ४२५ म्हणजे २२०. घड्याळ विजेच्या आवर्तनांवर चालणारं असेल तर तेही चुकेल; तिकडे ६० हर्ट्‌झ, इकडे ५०, म्हणजे ते तासाला दहा मिनिटं मागे पडणार. वेळ मोबाइलवर लावा.